जाड राहिलेला काप

बकारामला एकाच डोळ्यानं दिसायचं, आणि सालेकशातल्या रिकामटेकड्यांना तेवढं भांडवल पुरेसं होतं. "सायबाच्या दुर्बिणीले एकच डोरा लागते, म्हून बकारामले नोकरी भेटली," असं स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर रोज कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. माझं किराण्याचं दुकान टपरीला लागूनच. हा विनोद माझ्या कानांवर इतक्या वेळा आदळला की एकदा मी त्या मंडळींवर खेकसलो. बकाराम मात्र चिडत नसे. "खरंच तं आहे बापा," म्हणायचा आणि चहा संपवून कामाला जायचा.

डावा डोळा त्याचा जात्यानं नेला होता. बकाराम आणि त्याचा धाकटा भाऊ मनिराम यांचा धंदा जात्याला टाकी लावायचा. दळून दळून जात्याच्या पाळ्या आतून गुळगुळीत होतात, पीठ जाडंभरडं पडायला लागतं. मग टाकीवाला येतो, दोन्ही पाळ्या वेगळ्या करतो आणि टोकदार टाकीवर हातोडी मारत दगडाला पुन्हा खरखरीत करून देतो. पावसाळाभर हे दोघे भाऊ बटईनं केलेल्या धानात असायचे, आणि दिवाळी झाली की खांद्याला पिशवी अडकवून आमगावपर्यंतची गावं पालथी घालायचे. अशाच एका गावात टाकीखालून चिप उडाली आणि सरळ बकारामच्या डोळ्यात गेली. एका डोळ्यानं हातोडीचा नेम बसेना, घाव बोटांवर पडायला लागले, म्हणून त्यानं धंदा सोडला. मनिरामनं तो एकट्यानं पुढे चालवला.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात नागपूरहून भूशास्त्राचे एक साहेब आले. स्टेशनामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या आणि दरेकशापर्यंतच्या डोंगरांतून दगड फोडून आणायला लागले. साहेबांचं म्हणणं असं की आपल्या या डोंगरांत फार फार पूर्वी ज्वालामुखी होता आणि इथला तांबूस दगड म्हणजे त्याचा थिजलेला रस. टपरीवर यावरही बरंच बोलणं झालं. साहेबांना दगडाचे काप घासून देणारा माणूस हवा होता. दगडावर हात बसलेला आणि रिकामा असा बकारामच होता. तीन हिवाळे त्यानं ते काम केलं.

काप म्हणजे काय ते सांगतो. दगडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्याची एक बाजू काचेच्या तावदानावर पाणी आणि कुरुंदाची पूड टाकून आरशासारखी घासायची. ती बाजू डिंकासारख्या एका चिकट रसानं काचपट्टीवर डकवायची. मग दुसरी बाजू घासायला घ्यायची, ती दगड केसाहून पातळ होईपर्यंत. दगडातून आरपार उजेड दिसायला लागतो, तेव्हा काम संपत आलं म्हणायचं. शेवटी शेवटी बोट जरा जड पडलं तर अख्खा दगड पाण्यासोबत वाहून जातो आणि हातात नुसती काच राहते. बकाराम डोळ्यात तेल घालून घासायचा, आणि "डोळ्यात" म्हणताना टपरीवाले पुन्हा हसायचे.

मलाही साहेबांनी एकदा त्यांच्या दुर्बिणीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, काप बघायला दिला होता. साधं बघितलं तर काप पाणचट दिसतो, वाटतं यात काहीच नाही. मग साहेबांनी नळीतली एक पट्टी आत सरकवली. सगळं अंधारून आलं आणि त्या अंधारात दगडाचे कण एकेक करून उजळले. मोठे कण गारेचे, म्हणजे गारगोटीचे होते, राखाडी आणि पांढुरके. त्यांच्या कडा उंदरानं भाकरी कुरतडावी तशा आतपर्यंत खाल्लेल्या. साहेब म्हणाले, हे कण जमिनीखाली निवांत तयार झाले, मग त्या तापलेल्या रसानंच त्यांना खायला घेतलं, आणि खाणं चालू असतानाच सगळं वर फेकलं जाऊन थिजून गेलं. मोठ्या कणांच्या मधे अगदी बारीक पीठ होतं. त्या पिठात ओघाच्या रेषा होत्या. वाटेत कण आडवा आला की त्या वळसा घालून पुढे जात, बाघ नदीचं पाणी खडकाला वळसा घालून जातं तशा. मधूनच बारीक काड्यांची वाटोळी फुलं होती आणि प्रत्येक फुलावर एक काळी फुली. खालची तबकडी कितीही फिरवली तरी ती फुली जागची हलत नव्हती. मला ते बघून काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. आपण ज्याच्यावर पाय घासतो त्याच्या पोटात एवढं सगळं घडून गेलंय, याची जरा भीती वाटली.

काप पुरेसा पातळ झाला की नाही, हे गारच सांगते. ती राखाडी दिसली की काप बरोबर. पिवळी, लाल, निळी दिसली की काप अजून जाड आहे, घासायला हवा. म्हणजे या धंद्यात काप जितका देखणा, तितका तो बिघडलेला. बकारामला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

आता मनिरामकडे येतो. बडबड्या माणूस. कोणत्याही गावात शिरला की बायका आधी जातं आणि मागून गप्पा काढायच्या. टाकी मारताना तो तोंड दगडाच्या अगदी जवळ नेई, दर दोन घावांनी फुंकर मारून भुकटी उडवी, आणि रेघ नीट उठली का ते बघे. फुंकर मारली की पुढचा श्वास त्याच भुकटीतून. संध्याकाळी परत यायचा तो भुवयांपासून पायापर्यंत पांढरा होऊन. पोरंटोरं त्याला भूत म्हणायची आणि तोही त्यांना भूत होऊन दाखवायचा. बावन्न-त्रेपन्नपासून त्याला कोरडा खोकला लागला होता. त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही, त्यानं तर नाहीच.

साहेबांनी मात्र दिलं. मनिराम एकदा भावाची भाकरी घेऊन त्या खोल्यांवर गेला आणि चार पायऱ्या चढून दारात धापा टाकत बसला. साहेबांनी त्याला धंदा विचारला, जात्याचा दगड कोणता तेही विचारलं. तो डोंगरातला तोच दगड होता. मनिराम गेल्यावर ते बकारामला म्हणाले, "गार पोटात गेली तर निघून जाते, छातीत गेली तर तिथेच राहते. तिच्यावर औषध नाही. तुझ्या भावाला म्हणावं, आजच थांब. आजवर गेली तेवढी कदाचित तो सोसेल. आणखी गेली तर नाही सोसणार." खाणीतली माणसं अशी मरताना त्यांनी पाहिली होती.

त्या दिवसापासून बकारामचा जीव टांगणीला लागला. वर्षभर तो भावाच्या मागे लागला होता. पाणी टाकून टाकी लाव म्हणाला, तर मनिराम हसला. त्या गावांमधून जात्यावर पाणी घालतात ते एकदाच, घरात कोणी मेलं आणि सुतक फिटलं की. "धडधाकट घरच्या जात्यावर पानी टाकलं तं बाया मलेच पाऱ्याइच्या मधात घालून दळतीन," असं तो म्हणायचा. धंदाच सोड म्हटलं की मात्र आवाज चढायचा.

"तू कायले मागं लागून राहिला माह्या?"

"सायेब म्हनते, छातीत गोटा बसते."

"सायेब गोट्याइवर जगून राहिला. त्याले सारीकडं गोटाच दिसते."

"तू खोकलून राहिला थे काय मग?"

"अना बिडी वढतो थे?"

त्या घरात आणखी एक माणूस होतं, मनिरामची बायको शामकला. ती नवऱ्याला काय म्हणत होती हे बकारामला कळायची सोय नव्हती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. तो समोर आला की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि वाट सोडायची. घरात दुसरी बाई असली तर निरोप तिच्यामार्फत जातात. पण बकारामची बायको वच्छला तापानं जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मनिरामला मूलबाळ नव्हतं. तेव्हा शामकला स्वयंपाक झाला की दाराच्या चौकटीला सांगायची, "भात झाला म्हना," आणि बकाराम चौकटीकडूनच ऐकल्यासारखा येऊन पानावर बसायचा. लग्न होऊन आल्यापासून एका अंगणात राहून त्या दोघांत एक शब्द झाला नव्हता.

चोपन्न सालचा दसरा झाला. धान पिवळं पडायला लागलं होतं. दिवाळी झाली की मनिराम पिशवी उचलणार, आणि हा हिवाळा त्यानं टाकी मारण्यात घालवला तर पुढे काही उरणार नाही, हे साहेबांनी पुन्हा एकदा बजावलं. बोलण्यानं भाऊ ऐकत नाही, तर डोळ्यांनी बघू दे, असं बकारामच्या मनात आलं. गारेच्या त्या कुरतडलेल्या, धारदार कडा बघितल्या की तो आपणच घाबरेल. साहेबांनी परवानगी दिली, म्हणाले, "दाखव, पण तयार झालेल्यातला दाखव." आणि ते डोंगरावर निघून गेले.

तयार काप पाच-सहा होते. बकारामनं एकेक दुर्बिणीखाली लावून बघितला. सगळे राखाडी. नवख्या माणसाला त्या राखाडीतून कडा काय समजणार? मनिराम म्हणेल, ही तर चुलीतली राख आहे. शेजारीच आदल्या दिवशी अर्धवट घासून ठेवलेला एक काप होता. तो अजून जाड होता. त्यातली गार निळ्या, लाल, पिवळ्या रंगात पेटलेली दिसत होती आणि रसानं घेतलेला घास न घास त्या रंगात ठळक उठून दिसत होता. बकारामनं तो लावला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करतो. पण जो माणूस रोज रंग घालवण्यासाठी घासतो त्याला रंग काय करतात हे कळायला नको होतं का? मला त्याचा राग येतो, अजूनही येतो.

मी त्या वेळी तिथेच होतो. मनिराम मला दुकानातून ओढूनच घेऊन गेला. "चाल ना शेठ, दादा गोट्याचं पोट दाखवून राहिला." चालताना दोनदा थांबला, पण थट्टा चालूच होती. स्टुलावर बसला, एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला.

मनिराम इतका वेळ गप्प राहिलेला मी कधी बघितला नव्हता.

"कडा पाय," बकाराम मागून सांगत होता. "दातासारख्या कडा पाय. थेच तुया छातीत घुसून राहिल्या."

"दादा, हा जात्याचाच गोटा?"

"थोच."

"मी फोडतो थो?"

"थोच म्हनतो ना. कडा पाय तू."

मनिरामनं हळूच तबकडी फिरवली. निळ्याचं पिवळं झालं असावं, कारण त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. "एवढे वर्स झाले, मी फोडून राहिलो," तो म्हणाला, "अना मले कोनी सांगतलं नाई." बकारामनं त्याचा खांदा धरून हलवलं, छाती, खोकला, मरण, सगळं पुन्हा सांगितलं. मनिरामनं डोळा काढला नाही. नळीतच बघत म्हणाला, "असं अंदर असन तं मरन कायचं येते, दादा?"

तो हसत हसत म्हणाला होता. मला वाटलं, गंमत करतोय. बकारामला कळलं असावं, कारण त्यानं काप काढून घेतला आणि दुसरा लावायला गेला. हा बिघडलेला होता, खरा दगड असा नसतो, राखाडी असतो, असं तो सांगायला लागला. मनिरामनं त्या राखाडी कापात नुसतं डोकावल्यासारखं केलं आणि उठला. "राहू दे. मले भेवाडाले दुसरा लावून राहिला तू," असं म्हणाला. पुढे बकारामनं कितीही शपथा घातल्या तरी त्याचा विश्वास बसला नाही. पहिला काप खरा आणि दुसरा आपल्याला घाबरवण्यासाठी, हे त्याच्या डोक्यात पक्कं झालं.

दिवाळीपर्यंतही तो थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन निघाला. त्या हिवाळ्यात त्यानं जेवढी जाती टाकवली तेवढी आधी कधी टाकवली नसतील. गावोगावच्या बायकांना सांगायचा, तुमच्या जात्याच्या आत लाल-निळी फुलं आहेत, मी डोळ्यांनी पाहून आलो. बायकांना ते आवडायचं. दोन वर्षांनी लावायची टाकी त्या आताच लावून घ्यायच्या. पूर्वी तो घाईघाईत घाव घालायचा, आता रमतगमत, तोंड आणखी खाली नेऊन, भुकटी उन्हात धरून बघत काम करायचा. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून हळहळायचा.

छप्पन्न साली त्याला नदीपर्यंत चालवेना. गोंदियाच्या डॉक्टरनं क्षय म्हणून सुया टोचल्या. सुयांनी काही झालं नाही. साहेब म्हणाले, होणारही नव्हतं. गावानं मात्र क्षय हा शब्द बरोबर उचलला आणि त्यांच्या अंगणात येणं बंद केलं. जो माणूस गावोगाव तासन्तास बोलायचा, त्याला आता एक वाक्य पुरं करायला मधे दोनदा थांबावं लागे. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसलेलाच असे, दिवसाही आणि रात्रीही. मी भेटायला जायचो तेव्हा शामकला त्याच्या पाठीशी बसून दोन्ही हातांनी त्याला सावरत असायची. बकाराम आला की तिला पदर ओढायलाही हात मोकळा नसायचा, मग तोच मान फिरवून उभा राहायचा. मनिरामनं एकदा भावाला विचारलं, थो रंगाचा काप एक डाव घरी आनता येईन का. बकारामनं तो केव्हाच घासून राखाडी केला होता. "सायेबानं नागपूरले नेला," एवढंच तो म्हणाला.

सत्तावन्नच्या माघात मनिराम बसल्या बसल्या गेला. पस्तिशीही उलटली नव्हती. सुतक फिटल्यावर शामकलानं घरचं जातं पाण्यानं धुतलं. मी पाहिलं, आणि मला तिथे उभं राहवेना.

साहेबांचं काम त्याआधीच संपलं होतं. बकारामनं नंतर आमच्या दुकानात पोती उतरवायचं काम धरलं आणि म्हातारा होईपर्यंत केलं. टपरीवाले आता त्याला काही म्हणत नसत. तो कामाचा होता, कमी बोलायचा, कोणाच्या अध्यातमध्यात नसायचा. मनिरामचं नाव त्यानं माझ्यासमोर एकदाच काढलं. आम्ही आमगावच्या बाजारातून माल घेऊन बैलगाडीनं परतत होतो आणि शामकलाच्या माहेराकडे जाणारी वाट लागली. तेव्हा त्यानं मला पुढचं सांगितलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. शामकलाचा भाऊ दुधराम तिला न्यायला यायचा होता. घरात भासरा आणि भावसून दोघंच उरलेले, म्हणून बकाराम सकाळपासून अंगणातच बसून होता. ती बोचकं घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तोंड उघडं होतं. तिचा चेहरा त्यानं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

"तुमाले एक सांगाचं आहे," ती म्हणाली.

आपल्यामागे कोणी आलंय का, म्हणून बकारामनं वळून पाहिलं.

"त्यायनं टाकी ठेवून देल्ली होती," शामकला म्हणाली. "तुमी दुर्बीन दाखवली त्याच्या आधीच. दसऱ्याले. टाकी अना हातोडी फडक्यात बांधून आढ्यावर ठेवली. मले म्हने, दादा खरं बोलून राहिला, माह्यानं आता जमत नाई, या सालपासून बंद. दिवारीले सांगीन म्हने त्याले, आत्ताच सांगतलं तं लगित फुगन थो."

बकाराम उठून उभा राहिला.

"मंग तुमी बोलावलं. दादा एवढा म्हनून राहिला तं त्याचं मन ठेवाले जाऊन येतो, असं म्हनून गेले. वापस आले, अना पाटावर चढून फडकं खाली काढलं."

"तुले माहीत होतं," बकाराम म्हणाला. "मंग मले काऊन नाई सांगतलं? मी दाखवलंच नसतं."

"मी तुमच्यासंगं कसी बोलू?" ती म्हणाली.

बाहेर दुधरामची गाडी येऊन थांबली होती. शामकलानं पदर पुढे ओढला, वाकून त्याच्या पायांसमोरच्या जमिनीला हात लावला आणि गाडीत जाऊन बसली.